स्पायनी माऊस पाळायचेत की सापाला घालायचेत, आधी हे ठरव

इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणाऱ्या एका मुलाने विचारलंय ते थोडक्यात असं. त्याच्याकडे तीन साप आहेत, दोन मोठे रॉयल पायथन आणि एक केनियन सँड बोआ, नर. फ्रोजन उंदीर विकत आणून आणून वैतागलाय, फ्रीझरवरून घरात भांडणं होतात ती वेगळीच. मध्ये एका रेप्टाइल शोमध्ये त्याने स्पायनी माऊस बघितले आणि डोक्यात आलं की चार-सहा आणून कॉलनी केली तर सापांचं खाणं घरातच तयार होईल आणि वर एक मस्त पेट पण मिळेल. काका, जमेल का, असं विचारलंय. मी लेस्टरला बरीच वर्षं हे उंदीर ठेवतोय, साप पण आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतोय.

पेट म्हणून जरूर पाळ, फार भारी प्राणी आहे. सापांचं रोजचं खाणं म्हणून मात्र हिशोब कुठूनही बसत नाही, आणि जिवंत घालायचा विचार असेल तर तो आत्ताच सोड. का ते आता नीट सांगतो, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे हा आपल्या ओळखीचा उंदीर नाहीच. नावात माऊस असला तरी नात्याने तो साध्या पांढऱ्या उंदरापेक्षा जर्बिलला जवळचा आहे. अकोमिस हा वंश, आफ्रिकेपासून सिनाय, अरबस्तान, इराण ते पार पाकिस्तानातल्या सिंध-बलुचिस्तानपर्यंत पसरलेला, शिवाय क्रीट आणि सायप्रसच्या बेटांवर पण आहेत. पाठीवरचे केस ताठ आणि टोकदार, साळिंदरासारखे टोचत नाहीत पण उलटा हात फिरवला तर कळतं. डोळे मोठे, कान मोठे, नाकाड लांब. शोमध्ये तुला दिसले ते बहुतेक इजिप्शियन किंवा अरेबियन असणार आणि गंमत अशी की विकणाऱ्यालाच बऱ्याचदा माहीत नसतं कुठले ते. हे महत्त्वाचं आहे बरं का, इजिप्शियनचे क्रोमोझोम ३६ आणि अरेबियनचे ३८, दिसायला दोघं जवळपास सारखे, त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणाहून नर-मादी आणून एकत्र टाकले तर मिश्र पिल्लं होऊन पुढे प्रजननात गडबड व्हायची शक्यता असते. म्हणून अख्खा ग्रुप एकाच माणसाकडून, एकाच कॉलनीतला घे.

आता हिशोब. साधी पांढरी उंदरीण १९ ते २१ दिवसांत विते आणि एका वेताला सहा-आठ-दहा पिल्लं देते. स्पायनी मादी ३८ ते ४० दिवस गाभण राहते आणि पिल्लं देते दोन किंवा तीन, कधी एक, फार तर चार-पाच. व्याल्यावर लगेच पुन्हा नर लागतो त्यामुळे वर्षाला आठ-नऊ वेतं कागदावर बसतात, म्हणजे सगळं छान चाललं तर एका मादीमागे वर्षाला वीस-बावीस पिल्लं. कागदावर. प्रत्यक्षात एखादं वेत वाया जातं, एखादी मादी मध्येच थांबते, म्हाताऱ्या माद्या कमी वितात.

तुझे दोन रॉयल, मोठे झालेले. प्रत्येकाला दोन आठवड्यांनी साधारण दीडशे-दोनशे ग्रॅमचा घास लागतो, म्हणजे एक मध्यम रॅट (मोठ्या जातीचा उंदीर). पूर्ण वाढलेला स्पायनी चाळीस-पन्नास ग्रॅमचा. म्हणजे एका वेळेला एका सापाला चार, दोघांना आठ, वर्षाला सव्वीस वेळा, झाले दोनशेच्या वर. त्यासाठी किमान दहा चालू माद्या लागतील आणि त्यांचे दोन-तीन नर. पण इथे संपत नाही. प्रत्येक पिल्लू चाळीस ग्रॅमला यायला तीन महिने धर, म्हणजे कुठल्याही दिवशी तुझ्या घरात वाढत असलेली पन्नासेक पोरं असणार, वेगळ्या टाक्यांमध्ये, नर-मादी वेगळे केलेले, सगळ्यांना गरम ठेवायचं, खायला घालायचं. इंग्लंडच्या हिवाळ्यात. विजेचं बिल बघून तूच म्हणशील की दुकानातला दोन-तीन पौंडांचा फ्रोजन रॅट फुकट आहे.

आणि समजा तू म्हणालास की रॉयलचं जाऊ दे, बोआपुरतं करतो. बोआचा नर छोटा असतो, त्याला लहान घास लागतो. तिथे दुसरी अडचण. स्पायनीमध्ये पिंकी हा प्रकारच नाही. पांढऱ्या उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा उघडं, आंधळं, एक-दीड ग्रॅमचं असतं, म्हणून सापाच्या नवजात पिल्लांना ते चालतं. स्पायनीचं पिल्लू जन्मतानाच केसाळ, पाच-सहा ग्रॅमचं, डोळे उघडे किंवा एक-दोन दिवसांत उघडणारे, आणि त्याच दिवशी आईच्या मागे टुकूटुकू चालायला लागतं. एवढा लांब गाभणकाळ त्यासाठीच असतो. तुझ्या बोआला साइज बरोबर बसेल, ते खरं आहे, पण आठवड्याभराने तुझ्याकडे बघत बसणारं, हातातून दाणा घेणारं पिल्लू उचलून फ्रीझरच्या दिशेने न्यायला किती लोकांना जमतं ते मी बघितलंय. दोन महिन्यांत त्यांना नावं पडलेली असतात आणि साप पुन्हा फ्रोजनवर. त्यात चूक काही नाही, फक्त आधीच माहीत असलेलं बरं.

आता जिवंत घालण्याबद्दल. हा भाग वाचून झाल्याशिवाय कोणी काही विकत घेऊ नका.

या उंदराची कातडी फाटण्यासाठीच बनलेली आहे. २०१२ मध्ये अ‍ॅशली सायफर्ट आणि सहकाऱ्यांनी केनियातल्या दोन जातींवर अभ्यास करून नेचरमध्ये छापलं, त्यात मोजमाप आहे की त्यांची कातडी साध्या उंदराच्या कातडीपेक्षा वीसेक पट कमजोर आहे, नुसतं धरलं तरी सुटून येते, आणि पाठीवरची साठ टक्क्यांपर्यंत कातडी गेली तरी प्राणी जगतो आणि ती पुन्हा भरून येते, तीही केसांसकट, डाग न राहता. कानाला पाडलेलं चार मिलिमीटरचं भोक पण पूर्ण बुजतं, आतल्या कुर्चेसकट. माणसाच्या जखमा भरण्याच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट आहे ते वेगळं सांगायला नको, म्हणूनच आज जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये हा उंदीर दिसतो. पण तुझ्या दृष्टीने अर्थ काय? सापाने धरलं की कातडी सापाच्या तोंडात आणि उंदीर पळाला. निसर्गात तो असाच सुटतो. तुझ्या टाकीत सुटून जाणार कुठे? अर्धी पाठ सोललेला प्राणी बंद पेटीत धावतोय आणि साप पुन्हा पुन्हा झडप घालतोय, हे दृश्य तुला बघायचंय का? घाबरलेला उंदीर सापाला पण चावतो, डोळ्याला चावला तर साप गेलाच म्हणून समज.

आणि साप म्हणजे या उंदराला नवीन गोष्ट नाही. सिनाय-नेगेवच्या खडकाळ भागात फुरशाचा एक भाऊबंद राहतो, एकिस कोलोराटस, तो यांनाही खातो, आणि इस्रायलमधल्या संशोधकांना असं दिसलं की त्याच्या दंशाला हा उंदीर बऱ्यापैकी टिकून राहतो. हजारो वर्षं सापाच्या हातून निसटण्यात तयार झालेला प्राणी आहे हा, त्याला सोपा घास समजू नकोस. इंग्लंडमध्ये पाठीचा कणा असलेला प्राणी जिवंत खायला घालण्यावर थेट नावाने बंदी नाही, पण २००६ च्या अ‍ॅनिमल वेल्फेअर अ‍ॅक्टमध्ये विनाकारण यातना देणं हा गुन्हा आहे आणि तो कायदा नुसत्या सापाला नाही, तुझ्या उंदरालाही लागू आहे.

मग स्पायनी कधीच खाद्य म्हणून चालत नाही का, तर तसंही नाही. आपली कॉलनी हौसेची आहे, चांगली चाललीय, आणि जास्तीचे नर साठत चाललेत ज्यांना घर मिळत नाही, हे प्रत्येक ब्रीडरकडे होतं. मादी सगळ्यांना हवी, नर कोणालाच नको. अशा वेळी ते नीट, वेदना न देता मारून फ्रीझ करून एखाद्या हट्टी सापाला द्यायचे, यात मला काही वावगं वाटत नाही, उलट कोपऱ्यात एकमेकांना फाडत बसलेल्या नरांची टाकी ठेवण्यापेक्षा ते बरं. आफ्रिका-अरबस्तानातले काही छोटे साप पांढऱ्या उंदराकडे ढुंकून बघत नाहीत पण याच्या वासावर येतात, तिथे तर याचा खरंच उपयोग होतो. बऱ्याचदा अख्खा उंदीर पण लागत नाही, स्पायनीच्या टाकीतला वापरलेला भुसा फ्रोजन पांढऱ्या उंदराला चोळून दिला की साप घेतो. हे आधी करून बघ.

मारण्याबद्दल, कारण कोणी बोलत नाही आणि मग लोक यूट्यूब बघून काहीतरी करतात. बेकिंग सोडा आणि व्हिनेगरचा डबा करू नकोस. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे की कार्बन डायऑक्साइड द्यायचाच तर सिलिंडरमधला, रेग्युलेटर लावून, डब्याच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के दर मिनिटाला या वेगाने. घरगुती मिश्रणात वेग हातात राहत नाही. आणि उंदरांच्या अगदी नवजात पिल्लांवर हा गॅस फार हळू काम करतो, त्यांना कमी ऑक्सिजन सहन होतो, म्हणून त्यांच्यासाठी ती पद्धत एकटी पुरत नाही. जिवंत फ्रीझरमध्ये टाकणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा. व्हेटकडे जाऊन किंवा ज्याचा हात बसलाय अशा माणसाकडून समोर बसून शिकून घे, वाचून नाही. आणि हे आपल्याच्याने होणार नाही असं वाटलं तर त्यात लाज नाही, मग नर-मादी एकत्र ठेवूच नकोस.

तुला घरचं खाद्य हवंच असेल तर रॉयलसाठी लोक काय करतात, तर मॅस्टोमिस नावाचा आफ्रिकेतला दुसरा उंदीर ठेवतात, ज्याला आफ्रिकन सॉफ्ट फर म्हणतात. गाभणकाळ २३ दिवसांच्या आसपास, एका वेताला दहाच्या पुढेही पिल्लं, मादीला चोवीसपर्यंत सड असतात यावरून काय ते समज. हट्टी रॉयल यांच्यावर तुटून पडतात. चावतात मात्र वाईट, हातमोज्याशिवाय टाकीत हात घालू नये. मॅस्टोमिस खाद्याला, स्पायनी हौसेला, अशी वाटणी केलीस तर दोन्ही नीट चालेल. पण खरं सांगू का, दोन पायथन आणि एका बोआसाठी मी तेही करणार नाही. वेगळा छोटा फ्रीझर घे, घरातली भांडणं संपतील.

असो. आता पाळण्याकडे वळू, मला यात जास्त रस आहे.

टाकी काचेची घे. जाळीचा पिंजरा नको, कारण पहिल्या दिवसापासून चालणारी पिल्लं गजांमधून बाहेर येतात आणि मोठे उंदीर गज कुरतडत बसतात. प्लॅस्टिकचं काही ठेवलंस तर ते पण कुरतडून भोक पाडतील. चार-पाच जणांच्या ग्रुपला नव्वद सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद, पंचेचाळीस उंच ही मला किमान वाटते, मोठी असेल तर उत्तमच. वर बारीक जाळीचं झाकण, नीट बसणारं, क्लिप लावलेलं. हे उड्या मारतात. झाकण उघडून वाटी ठेवेपर्यंत एखादा खांद्यावर आलेला असतो. खाली अ‍ॅस्पनचा भुसा, देवदाराचा किंवा वासाचा पाइन नको. हे खडकांचे प्राणी आहेत, खोल बिळं खणण्यापेक्षा कपारीत बसायला आवडतं, त्यामुळे सपाट दगड, कॉर्कची साल, फांद्या, मातीची कुंडी आडवी टाकून, अशी रचना कर. दगड भुशावर ठेवू नकोस, थेट काचेच्या तळावर टेकव आणि मग भोवती भुसा घाल, नाहीतर खालून उकरलं की दगड अंगावर. एका कोपऱ्यात वाटीत चिंचिलाची वाळू ठेव, लोळतात त्यात. वास फार येत नाही, वाळवंटी प्राणी असल्याने लघवी कमी आणि घट्ट. पांढऱ्या उंदरांच्या टाकीशी तुलनाच नको, ती खोली मला बंद दारामागूनही कळते.

ऊब पाहिजे. साधारण २४ ते २८ अंश, एका टोकाला तीसपर्यंत. रेडिंगच्या जानेवारीत रात्री सेंट्रल हीटिंग बंद झाल्यावर खोली सोळावर जाते ते यांना मानवत नाही, सुस्त पडतात, पिल्लं जातात. हीट मॅट टाकीच्या बाहेरच्या बाजूने एका टोकाला लाव किंवा वर सिरॅमिक हीटर जाळीच्या पिंजऱ्यात, आणि दोन्हीला थर्मोस्टॅट हवाच. वायर टाकीच्या आत नको, एका रात्रीत साफ करतात. दमटपणा कमी ठेव. सापांच्या खोलीत ठेवणार असशील तर तिथे ऊब मिळते हा फायदा, पण सापाचा वास चोवीस तास नाकात जाऊन ताण येतो, त्यामुळे शक्यतो वेगळी खोली.

खाण्यावर जास्त लिहितो कारण बहुतेक लोक यांना खाण्यानेच मारतात. १९६० च्या दशकात जिनिव्हाच्या एका प्रयोगशाळेत या उंदरांची कॉलनी होती, त्यात लठ्ठपणा आणि डायबेटिस एवढा दिसायला लागला की पुढे डायबेटिसच्या अभ्यासासाठीच त्यांचं नाव झालं. तेलबिया भरपूर, हालचाल कमी, की यांचं वजन वाढतच जातं. मूळचा प्राणी वाळवंटातला, मिळेल ते खाणारा, बिया, गवत, किडे, गोगलगायी, इजिप्तमध्ये खजूर, आणि अस्यूतजवळच्या थडग्यांमध्ये तर ममींचं वाळलेलं मांस खाल्ल्याची नोंद आहे. असा प्राणी तू हॅमस्टर मिक्सवर ठेवलास, ज्यात अर्धं सूर्यफूल आणि शेंगदाणे, की तो त्यातलं तेवढंच निवडून खाणार आणि बाकी भुशात. वर्षभरात ऐंशी ग्रॅमचा गोळा होतो. लोक बघून म्हणतात किती गोंडस.

म्हणून आधार बारीक बियांचा ठेव. इथल्या दुकानात बजी किंवा फिंच मिक्स, म्हणजे छोट्या पाळीव पक्ष्यांचं खाणं, मिळतं ते चालतं, पण आपल्याला अजून सोपं आहे, कोणत्याही देशी किराणा दुकानात अख्खी बाजरी, ज्वारी, राळा, नाचणी मिळते, बजी मिक्समध्ये तरी दुसरं काय असतं. त्यात थोडे चांगल्या कंपनीचे रॅट पेलेट, म्हणजे प्रोटीन आणि व्हिटॅमिनची काळजी मिटते. गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना पेलेट जास्त. आठवड्यातून दोन-तीनदा किडे, लोकस्ट (टोळ) किंवा क्रिकेट (रातकिडे), मीलवर्मच्या अळ्या कमीच कारण चरबी. रोज चिमूटभर भाजी, गाजर, मेथी, कोथिंबीर, काकडी. फळ अगदी क्वचित. सूर्यफुलाचं बी फक्त हातातून द्यायला, ओळख वाढवण्यासाठी, एकाला एक. गूळ, चिक्की, फरसाण, बिस्किट हे घरच्या मोठ्या माणसांना आधीच सांगून ठेव, कारण ते लाडाने घालणारच. पाणी मात्र बाटलीत कायम हवं, वाळवंटी आहे म्हणून पाण्याशिवाय राहतो हा गैरसमज आहे. कुरतडायला सफरचंदाची किंवा हेझलची काडी, न फवारलेली.

आता हात लावणं. शेपटीला कधीही, कोणत्याही परिस्थितीत धरू नकोस. पांढऱ्या उंदराला शेपटीच्या बुडाशी धरून उचलतात ते बघून सवय झालेली असते, इथे तसं केलंस तर शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून हातात येते, उरलेलं हाड वाळून पडतं, आणि पाठीची कातडी परत येते तशी शेपटी परत येत नाही. मानेवरची कातडी धरून उचलणं पण नको, कारण तू वर वाचलंस. एक रुंद मग किंवा पुठ्ठ्याची नळी टाकीत ठेव, आपणहून आत जातात, नळीची दोन्ही तोंडं हाताने बंद करून उचल. हातावर येतात ते त्यांच्या मर्जीने. काही जण खूप माणसाळतात, काही आयुष्यभर लांबूनच बघतात. मांडीवर बसणारा प्राणी हवा असेल तर रॅट घे, रॅटसारखा पेट नाही. लहान मुलांच्या हातात स्पायनी देऊ नये. संध्याकाळनंतर खुर्ची टाकून बघत बसायचा प्राणी आहे हा. सोनेरी स्पायनी मिळाला तर वेगळी मजा, इस्रायलमधल्या एन गेदीला साधा आणि सोनेरी स्पायनी एकाच खडकात राहतात आणि रात्रीची पाळी साध्या स्पायनीने घेतल्यामुळे सोनेरी दिवसा फिरतो. संशोधकांनी साध्याला तिथून हटवल्यावर सोनेरी पण रात्री बाहेर पडायला लागला.

एकटा ठेवू नकोस. एक नर आणि दोन-तीन माद्या हा ग्रुप चांगला, पिल्लं नको असतील तर एकाच वेतातल्या बहिणी. मोठे झालेले अनोळखी उंदीर एकत्र टाकलेस तर मारामारी होते आणि यांची कातडी बघता मारामारी म्हणजे काय ते कळतंय ना. माद्या पण कमी नाहीत, काही वेळा नरापेक्षा जास्त तापट. नवीन आणायचेच असतील तर टाकी पूर्ण धुऊन, सगळी रचना बदलून, सगळ्यांना एकाच वेळी सोडायचं, आणि तिथे बसून राहायचं. गर्दी झाली की पहिली खूण म्हणजे शेपट्या आणि कान कुरतडलेले दिसतात, त्याच्यापुढे पिल्लं खाल्ली जातात. तेव्हा पिल्लं दीड-दोन महिन्यांची व्हायच्या आत नर-मादी वेगळे करायचे, लवकर वयात येतात.

पण नीट जमलेला ग्रुप विताना बघणं, ते काही औरच. मादी व्यायला लागली की बाकीच्या बायका जवळ येतात, सुईणीसारखी मदत करतात, पिल्लाला चाटून साफ करतात, कधी नाळ तोडतात. दूध पण एकमेकींच्या पिल्लांना पाजतात. घरटं असं करतच नाहीत, सगळे एका कपारीत ढीग करून पडलेले असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लू दाणे चघळायला लागतं, दोन-तीन आठवड्यांत दूध सुटतं. आणखी एक नवलाची गोष्ट, २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या नादिया बेलोफिओरे यांच्या टीमने दाखवलं की इजिप्शियन स्पायनी मादीला माणसासारखी पाळी येते, साधारण नऊ दिवसांच्या चक्राने. उंदीरवर्गीय प्राण्यांत हे तोपर्यंत कुणाला माहीतच नव्हतं.

दुखणी फार नाहीत. वजन महिन्यातून एकदा किचनच्या काट्यावर, डब्यात बसवून. एकदम जास्त पाणी पिणं आणि टाकी जास्त ओली होणं दिसलं तर डायबेटिस तपासून घे. कातडी फाटली तर घाबरू नकोस, भुसा काढून किचन पेपर टाक, बाकीच्यांपासून वेगळं कर, उबेत ठेव, कोमट मिठाच्या पाण्याने साफ कर आणि एक्झॉटिक व्हेटला दाखव, वेदनेचं औषध तोच देईल. आपल्या मनाने मलम लावू नकोस, चाटून पोटात जातं. उंदीर आणायच्या आधीच जवळचा एक्झॉटिक व्हेट शोधून ठेव, साधे कुत्रा-मांजर व्हेट बऱ्याचदा हात वर करतात. आणि हात धुणं, प्रत्येक वेळी, साबणाने. उंदरांमधून साल्मोनेला आणि एलसीएम नावाचा व्हायरस माणसाला येऊ शकतो, घरात कोणी गरोदर असेल तर टाकी साफ करण्याचं काम तिच्याकडे अजिबात नको.

पुण्या-मुंबईचे लोक पण मला हे विचारतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. हा प्राणी भारतात निसर्गतः नाही, बाहेरून जिवंत प्राणी आणायला सरकारी परवाना आणि क्वारंटाइन लागतं, बॅगेत घालून आणायचं काम नाही. आपल्याकडे दख्खनच्या माळावर एक काटेरी केसांचा उंदीर आहे, पण तो मस वंशातला, म्हणजे घरातल्या उंदराचा जवळचा नातेवाईक, त्याचा याच्याशी संबंध नाही, त्याला पकडून आणून पाळायला जाऊ नका. आणि सापाचं म्हणाल तर देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहेच, विदेशी पायथन असेल तर त्याची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद हवी. आधी ते करा, उंदराचं नंतर बघू.

विकत घेताना एवढं बघ: शेपटी शाबूत आहे का, नसेल तर विचार कशी गेली. जुनी भरलेली असेल तर हरकत नाही, पण सगळ्याच उंदरांच्या शेपट्या अर्ध्या असतील तर गर्दीची टाकी आहे, तिथून निघ. डोळे चमकदार, पाठीवर टक्कल नको, टाकीत टिचकी मारली तर पळापळ झाली पाहिजे. वय विचार, नीट ठेवलेला तीन ते पाच वर्षं जगतो त्यामुळे दोन वर्षांचा "ब्रीडिंग ग्रुप" स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नकोस. नर की मादी ते स्वतः उलटून नाही, पारदर्शक डब्यात घालून खालून बघ, दोन भोकांमधलं अंतर नरात जास्त असतं. पुढे पिल्लं धंदा म्हणून विकायचा विचार असेल तर इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांखाली कौन्सिलचं लायसन्स लागतं, ते कौन्सिलच्या साइटवर वाचून घे. टाकी लावून, हीटर चालू करून, आठवडाभर रात्रीचं तापमान बघ आणि मग उंदीर आण. कुठली टाकी घेतोयस ते मला कळव, झाकणाचा फोटो पण पाठव.